भारावल्यानंतर काय?

स्पर्धा परीक्षांचे निकाल लागले की पुण्यात यशवंतांच्या सत्कारांची आणि व्याख्यानांची रीघ लागते. ऐकणारा तरुण भारावतो, आणि ते भारावणे खोटे नसते. पण मंचावर असतात ते फक्त निवडले गेलेले. २०२४च्या केंद्रीय नागरी सेवा परीक्षेला सुमारे ९ लाख ९२ हजार अर्ज आले. शिफारस झाली १,००९ जणांची. जिद्द उरलेल्यांपैकी अनेकांकडेही होती, त्यांना माईक कोणी देत नाही. त्यामुळे ‘जिद्दीने जमले’ हे विधान पडताळायची सोयच राहत नाही.

भारावण्याचे पुढे काय होते, हे येल विद्यापीठातल्या हॉवर्ड लेव्हेंथाल यांच्या १९६५च्या प्रयोगात दिसते. विद्यार्थ्यांना धनुर्वाताची धास्ती घालून लस घ्यायला सांगितले. मते बदलली, पण लस घेतली सुमारे ३ टक्क्यांनीच. ज्यांना शिवाय आरोग्य केंद्राचा नकाशा देऊन जाण्याची वेळ ठरवायला लावली, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे २८ टक्के झाले. करिअर म्हणजे एका दुपारची लस नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पण काम अनेक वर्षांचे असेल तर भावनेचा भर ते संपण्याआधीच ओसरणार. मग व्याख्याने व्यर्थ का? तसेही नाही. त्या प्रयोगात धास्ती नसताना नुसत्या नकाशाने फारसे काही साधले नव्हते. शिवाय घरात कोणी पदवीधर नसलेल्या मुलीला एखादे क्षेत्र आहे, हेच कधी कधी व्याख्यानातून कळते. फक्त तिने वक्त्याला यशाचे गुपित विचारू नये. तयारीचा खर्च कोणी उचलला आणि निवड झाली नसती तर दुसरी वाट कोणती होती, हे विचारावे.