शोक करणाऱ्यांना ख्रिस्ती धर्म 'धन्य' का म्हणतो?

1893 साल. नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या रेल्वेगाडीत कवी नारायण वामन टिळक बसले होते. डब्यातल्या एका युरोपीय प्रवाशाशी त्यांच्या गप्पा रंगल्या आणि उतरताना त्याने टिळकांच्या हाती 'नवा करार' ठेवला. टिळकांनी तो वाचायला घेतला. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायाशी, म्हणजे येशूच्या डोंगरावरील प्रवचनाशी, ते पोहोचले आणि तिथेच अडकले. पुढे 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

या प्रवचनाच्या सुरुवातीलाच येशू 'धन्य' कोण ते सांगतो. त्या यादीत शोक करणाऱ्यांचं नाव दुसरं आहे. ज्याचं माणूस गेलं, तो धन्य कसा?

दुःख चांगलं असतं, असं म्हणायचं आहे का?

नाही. त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा आहे: शोक करणाऱ्यांचं सांत्वन होईल, असं वचन तिथे दिलंय. धन्य आहेत ते दुःखामुळे नव्हे, तर देव त्या दुःखात त्यांना एकटं सोडत नाही म्हणून. इथे सांत्वनासाठी जे ग्रीक क्रियापद आहे, त्याचा मूळ अर्थ 'जवळ बोलावणं' असा होतो. म्हणजे सांत्वन करणं म्हणजे दुःख पुसून टाकणं नाही, जवळ घेणं.

देवाची करुणा म्हणजे नेमकं काय?

बायबलच्या हिब्रू भागात करुणेसाठी येणाऱ्या एका शब्दाचं नातं 'गर्भाशय' या अर्थाच्या शब्दाशी आहे. ग्रीक शुभवर्तमानांत येशूच्या कळवळ्यासाठी वापरलेला शब्द 'आतडी' या अर्थाच्या शब्दापासून आलाय. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. 'आतडं तुटलं', 'पोटात कालवलं' असं आपण म्हणतो, तेच.

लूकच्या शुभवर्तमानात नाईन गावची गोष्ट आहे. एका विधवेच्या एकुलत्या एका मुलाची अंत्ययात्रा निघाली आहे. येशूकडे कोणी काही मागत नाही. तिला पाहूनच त्याच्या पोटात तुटतं. आधी कळवळा येतो, मुलाला उठवणं त्यानंतर.

योहानच्या शुभवर्तमानात येशू बेथानीला पोहोचतो, तेव्हा त्याचा मित्र लाजर याला कबरीत ठेवून चार दिवस झालेले असतात. आपण त्याला परत उठवणार, हे येशूला ठाऊक आहे. तरीही मरियेला रडताना पाहून तोही रडतो. ख्रिस्ती श्रद्धेत या अश्रूंना मोठं महत्त्व आहे, कारण येशूमध्ये देवच दिसतो असं ती मानते. म्हणजे हे अश्रू देवाचेही.

मग देव मृत्यू टाळत का नाही?

हा प्रश्न नागपूरलाही पडलेला आहे. स्कॉटिश मिशनरी आणि भूगर्भ अभ्यासक स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले आणि त्यांनी इथे शाळा सुरू केली. 4 सप्टेंबर 1863 रोजी ते टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं, म्हणजे हजारो वर्षांपूर्वीची दफनस्थळं, पाहून परतत होते. रात्री पुराने भरलेला नाला ओलांडताना ते बुडाले. 1883 मध्ये सुरू झालेल्या हिस्लॉप कॉलेजला त्यांचंच नाव आहे.

श्रद्धावंतावर संकट येणारच नाही, असं बायबल सांगत नाही. उलट देवाला जाब विचारायची मुभा देतं. 150 स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. रडणं, रागावणं, 'का?' विचारणं, हीसुद्धा तिथे प्रार्थनाच.

टिळकांच्या घरात काय झालं?

ज्या पुस्तकात टिळकांना समाधान सापडलं, त्याच वाटेने त्यांच्या पत्नीवर मोठं दुःख आलं. धर्मांतरानंतर लक्ष्मीबाईंना काही वर्षं पतीपासून दूर राहावं लागलं. नवरा जिवंत असूनही घर तुटलं होतं. पुढे दोघं पुन्हा एकत्र आले आणि 1900 मध्ये, स्वतः विचार करून, लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. 1934 ते 1936 दरम्यान प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त त्यांनी हे दिवस लपवले नाहीत. श्रद्धेच्या नावाखाली जवळच्यांचं दुःख छोटं करू नये, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहून कळतं.

शोक करणाऱ्यापाशी कसं जावं?

कॅथलिक कुटुंबं मृतांसाठी मिस्सा अर्पण करतात आणि 2 नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात. प्रोटेस्टंट घरांत प्रार्थनेचा भर मागे राहिलेल्यांच्या सांत्वनावर असतो. दोन्हीकडे माणसं जमतात, हे समान.

बायबलमधल्या ईयोबाची मुलं जातात, तेव्हा त्याचे मित्र येऊन सात दिवस जमिनीवर गप्प बसतात. तोवर सगळं ठीक असतं. मग ते बोलू लागतात, 'तुझंच काहीतरी चुकलं असेल' असं सुचवतात आणि शेवटी देव त्यांनाच खडसावतो.

कोणाच्या निधनाची पोस्ट दिसली की 'देवाची मर्जी' असं लिहायला बोटं लगेच सरसावतात. त्याऐवजी फोन करावा, जमलं तर घरी जावं, आणि बोलायला काही सुचलं नाही तर नुसतं शेजारी बसावं.