संवादयंत्र आणि अज्ञानाचे सोंग

वेड पांघरून पेडगावला जाण्यासाठी आधी शहाणपण लागते. तमाशातील सोंगाड्या प्रश्नाचा मुद्दाम भलताच अर्थ लावतो. ते सोंग आहे हे प्रेक्षकांनाही ठाऊक असल्यामुळेच हशा पिकतो. चॅटबॉटला हे साधते काय?

अॅलन ट्युरिंग यांच्या १९५० च्या निबंधातील नमुना-संवादात ३४९५७ व ७०७६४ यांची बेरीज विचारली जाते. सुमारे ३० सेकंदांनी उत्तर येते : १०५६२१. ते शंभराने चुकलेले आहे. परीक्षकाला चकविण्यासाठी यंत्र हेतुतः चुका करील, असे त्याच निबंधात पुढे म्हटले आहे. २०१४ मध्ये लंडनच्या चाचणीत ‘युजीन गूस्टमन’ या प्रणालीने १३ वर्षांच्या युक्रेनियन मुलाचे सोंग घेतले आणि ३३ टक्के परीक्षकांना फसविले. वय व परकी भाषा ही अज्ञानाची सोयीस्कर सबब होती. मात्र ही दोन्ही उदाहरणे विनोदाची नव्हेत, लबाडीची होत. कारण त्यांत सोंग उघडे पडून चालत नाही.

आजची भाषा-प्रारूपे सांगितल्यास मठ्ठ विद्यार्थ्याची भूमिका बऱ्यापैकी वठवितात. अडचण वेगळीच आहे. तीच प्रारूपे गंभीरपणे, ठाम स्वरातही चुकतात आणि हटकल्यास खऱ्या चुकीलाही ‘थट्टा’ म्हणू शकतात. त्यामुळे त्यांचा नंतरचा खुलासा हा पुरावा ठरत नाही. तोच प्रश्न स्वतंत्र संवादात, भूमिका न देता विचारावा. तेथे वारंवार अचूक उत्तर मिळाले, तरच आधीच्या चुकीला सोंग म्हणण्यास काही आधार राहतो.