न बसणारे झाकण

घरी विमान बांधायचे ही कल्पनाच आपल्याला अचाट वाटते. अमेरिकेत मात्र कायद्याची त्याला मान्यता आहे. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून स्वतः केलेले असावे, ही मुख्य अट. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या 'आरव्ही' मालिकेतली हजारो विमाने अशीच तयार झाली. त्यांचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, पण इंजिनावरचे झाकण फायबरग्लासचे. झाकण साच्यातून येते आणि सांगाडा जो तो आपल्या हाताने रिव्हेट मारून जुळवतो. मग कुठे फट राहते, कुठे कड उचललेली दिसते.

तापवून वाकवता येईल का? प्लॅस्टिकची बादली तापली की वितळते, कारण तिच्यातल्या रेणूंच्या साखळ्या सुट्या असतात. एपॉक्सी राळ घट्ट होताना साखळ्यांमध्ये आडवे बंध तयार होतात. सगळी वस्तू म्हणजे जणू एकच जाळे. ते वितळत नाही, फार तापले तर जळते. पण त्याआधी एका तापमानाला जाळे सैलावते. खोलीच्या तापमानालाच घट्ट केलेल्या एपॉक्सीत हे साधारण ६० ते ८० अंश सेल्सियसला घडते. तेवढे गरम करून, हव्या आकारात आवळून थंड होऊ दिले, तर तुकडा थोडा वळतो. मात्र बंध तुटलेले नसतात, ताणलेले असतात. पुन्हा तापला की तो जुन्या आकाराकडे सरकू लागतो, आणि इथे तर शेजारी इंजिन! (बर्ट रुटान यांच्या फोम व काचकापडाच्या विमानांना पांढराच रंग द्यावा असा आग्रह असे, तोही उन्हाने राळ तापू नये म्हणूनच.)

फरक मोठा असेल तर कड कापून नव्याने जोडणे भाग पडते. इथे लांबी भरण्याचा मोह होतो. काचेच्या सूक्ष्म पोकळ गोळ्या एपॉक्सीत कालवून केलेली ही लांबी हलकी असते, छान घासली जाते. पण तिच्यात धागे नसतात, आणि ताण धागेच पेलतात. रंग दिल्यावर दोन्ही जोड सारखेच दिसतात. ताशी ३०० किलोमीटरच्या वाऱ्याला मात्र फरक कळतो.

समजा, पत्रा २ मिलिमीटर जाडीचा आहे. कडेला कड लावली तर चिकटायला रुंदी मिळते २ मिलिमीटर. तीच कड १ : २० उताराने घासली तर ४० मिलिमीटर, म्हणजे वीसपट. या उतारावर काचकापडाचे थर एकावर एक, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मोठा, असे बसवतात. घासताना नाकावर मास्क हवाच. काचेची धूळ वाईट.

घट्ट झालेल्या राळेत रासायनिक बंधासाठी मोकळ्या जागा फारशा उरलेल्या नसतात. नवी राळ धरून राहते ती खडबडीत, स्वच्छ पृष्ठभागाच्या आधाराने. तो स्वच्छ झाला का, हे पाहायला त्यावर पाणी ओततात. पाणी सलग पसरले तर पुसून, पूर्ण वाळवून थर द्यायला घ्यावेत. थेंब गोळा झाले, तर तेल किंवा मेण अजून शिल्लक आहे. पुन्हा पुसायचे, पुन्हा घासायचे.