डिस्क-संच बंद पडल्यावर

अनेक हार्ड डिस्क एकत्र जोडून, त्यांपैकी एखादी निकामी झाली तरी माहिती शाबूत राहावी, यासाठी केलेल्या रचनेला ‘रेड’ म्हणतात. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये एका शोधनिबंधात तिची पद्धतशीर मांडणी केली. लिनक्समध्ये असा संच कर्नलमधील ‘एमडी’ हा भाग चालवतो आणि ‘एमडीअ‍ॅडम’ या साधनाने त्याची उभारणी व देखभाल होते.

‘रेड ५’ प्रकारच्या चार डिस्कच्या संचात माहितीच्या दर तीन तुकड्यांमागे ‘पॅरिटी’ नावाचा चौथा तुकडा लिहिला जातो, आणि चारही ठिकाणच्या एकांची संख्या सम व्हावी अशा बेताने तो ठरतो. तीन तुकड्यांतील बिट १, ०, १ असतील, तर पॅरिटी ० येते. मधला बिट हरवला, तर उरलेल्या १, १, ० यांत एकांची संख्या आधीच सम असल्याने हरवलेला बिट ० होता हे निश्चित कळते. मात्र एकाच वेळी दोन तुकडे हरवले, की हे गणित सुटत नाही आणि संच बंद पडतो.

दुसरी डिस्क बहुधा पुनर्बांधणीच्या वेळी दगा देते, कारण त्या वेळी उरलेल्या डिस्क आरंभापासून अखेरपर्यंत वाचाव्या लागतात आणि एरवी न वाचलेल्या भागांतील दोष उघडे पडतात. पण संचाने बाहेर काढलेली प्रत्येक डिस्क मृत असतेच असे नाही. कर्नल सहसा ३० सेकंद उत्तराची वाट पाहतो, तर घरगुती वापराची डिस्क खराब भाग वाचण्यासाठी त्याहून बराच अधिक वेळ झगडू शकते. सैल केबलमुळेही असेच घडते. म्हणूनच संच बंद पडला तरी माहितीचा बहुतांश भाग जागेवरच असतो, आणि ती कायमची नष्ट होते ती पुष्कळदा घाईने केलेल्या लेखनामुळे.

त्यामुळे पहिले काम म्हणजे डिस्कवरील सर्व लेखन थांबवणे. प्रत्येक डिस्कवरील ‘सुपरब्लॉक’ या नोंदीत संचाची ओळख, त्या डिस्कचे स्थान आणि ‘इव्हेंट काउंट’, म्हणजे संचाच्या स्थितीतील बदलांबरोबर वाढत जाणारा आकडा, असतो. ‘एक्झामिन’ या आज्ञेने ही नोंद वाचून तिची प्रत जपून ठेवावी. ज्या डिस्कचा आकडा फार मागे राहिला, ती आधीच बाहेर पडलेली असल्याने तिच्यावरील माहिती शिळी समजावी.

त्यानंतर ‘डीडीरेस्क्यू’ या साधनाने डिस्कच्या हुबेहूब प्रती काढाव्यात. ते आधी सुस्थितीतील भाग वाचते, अवघड भाग शेवटी हाताळते आणि काय वाचले याचा नकाशा ठेवते. मग शिळी डिस्क वगळून, केवळ या प्रतींवर ‘असेंबल’ आज्ञा ‘फोर्स’ पर्यायासह चालवावी आणि संच वाचनापुरताच उघडून माहिती अन्यत्र हलवावी. ‘क्रिएट’ ही आज्ञा मात्र टाळावी, कारण ती जुन्या सुपरब्लॉकवर नवा लिहिते, आणि डिस्कचा क्रम किंवा माहितीच्या आरंभाची जागा चुकली, तर त्यापुढील पुनर्बांधणी खऱ्या माहितीवरच फिरते.

संचाची नियमित तपासणी केल्यास लपलेले दोष वेळीच दुरुस्त होतात. तरीही चुकून पुसलेली फाइल संच परत देऊ शकत नाही, कारण पुसण्याची क्रियाही तो तितक्याच इमानाने सर्व डिस्कवर नोंदवतो. म्हणून रेड असले तरी स्वतंत्र ठिकाणी बॅकअप हवाच.