वारणेच्या संगणकांनी नेमकं काय केलं?

1998 साली वारणा खोऱ्यातल्या 70 गावांत संगणक आले. गावं कोल्हापूर आणि सांगली अशा दोन जिल्ह्यांतली, पण साऱ्यांचं तोंड वारणानगरकडे. तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना तिथं, दूध संघ तिथं, वारणा बाजार तिथं, मुलांची कॉलेजंही तिथंच. ‘वायर्ड व्हिलेज’ असं या प्रकल्पाचं नाव. खर्च अडीच कोटींच्या घरात. निम्मा केंद्राचा, 40 टक्के राज्याचा, 10 टक्के वारणा समूहाचा. गावोगावी संगणक केंद्रं थाटली गेली. तिथं पिकाचा सल्ला मिळेल, बाजारभाव कळतील, आरोग्याची माहिती मिळेल, जमिनीचे उतारे निघतील, इंटरनेटवरून जग दिसेल, असं सांगितलं गेलं. त्या काळी तालुक्याच्या गावीसुद्धा इंटरनेट दुर्मीळ होतं, त्यामुळे देशभरातून माणसं हा प्रयोग बघायला येत.

आठेक वर्षांनी बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधली संशोधक मंडळी वारणेला आली: राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा. त्यांनी एक साधं पण महत्त्वाचं काम केलं. या यंत्रांकडून काय होणं अपेक्षित होतं ते बाजूला ठेवून ती प्रत्यक्षात कशाला वापरली जातात, ते पाहिलं. उत्तर एका शब्दात मावणारं होतं: ऊस. बाजारभाव नाही, आरोग्य नाही, इंटरनेट तर नाहीच. कारखान्याचा आणि सभासदाचा जो रोजचा व्यवहार, तेवढाच त्या संगणकांवर चालत होता.

हा व्यवहार म्हणजे काय, ते ऊसपट्ट्याबाहेरच्या वाचकासाठी थोडं सविस्तर सांगायला हवं. लागण झाली की शेतकरी कारखान्याकडे उसाची नोंद करतो: गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख, नवी लागण की तोडल्यावर पुन्हा फुटलेला खोडवा. या नोंदीवरून तोडणीचा क्रम, म्हणजे क्रमपाळी, ठरते आणि तिच्यावरून तोड मिळते. पक्व झालेला ऊस उभाच राहिला तर वजन घटतं आणि साखरेचा उताराही पडतो, म्हणून नोंदीतली एक तारीख चुकली तरी शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. तोडणी पावती निघाली की टोळी येते, गाडी भरते, काट्यावर वजन होतं आणि वजनाची पावती मिळते. त्यातून खत-बियाण्याची उधारी वजा होऊन बिल बँकेत जमा होतं. यातल्या प्रत्येक टप्प्याला पूर्वी कारखान्याच्या ऑफिसात किंवा गट कार्यालयात खेटे घालावे लागत. एक आकडा विचारायला अख्खा दिवस जाई. गावातल्या संगणकानं ते खेटे वाचवले, आणि ही काही लहान गोष्ट नव्हे. भर हंगामात एक दिवस वाचणं म्हणजे काय, हे ऊसवाल्याला सांगावं लागत नाही.

मग बाकीची आश्वासनं का विरली? शेतकरी अडाणी म्हणून, हे उत्तर मला साफ नामंजूर आहे. उसाच्या माहितीमागे एक चालती संस्था उभी होती. नोंद घेणारा शेतकी खात्याचा माणूस होता, काट्यावर कारकून होता, बिल काढणारा लेखा विभाग होता, आणि चुकलं तर जाब विचारण्यासाठी वार्षिक सभा होती. आरोग्याच्या माहितीमागे असं कोण होतं? पडद्यावर रोगाची लक्षणं वाचून दवाखाना जवळ येत नाही. जी माहिती रोज कुणाची तरी जबाबदारी होती ती जिवंत राहिली. बाकीची एकदा भरली गेली आणि शिळी झाली.

हा विचार संगणकाच्याही आधीचा आहे. 1951 साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटमधल्या एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांनी ब्रिटनमधल्या कोळसा खाणींवर एक निबंध लिहिला. बॅमफर्थ स्वतः पूर्वीचे खाणकामगार. जुन्या पद्धतीत दोन-चार जणांची टोळी आपली माणसं आपणच निवडून कोळसा खणणं, भरणं, आधार लावणं ही सारी कामं मिळून करी. नवी यंत्रं आली, आणि त्यांच्या सोयीसाठी ती कामं वेगवेगळ्या पाळ्यांना वाटून दिली गेली. एका पाळीचं अर्धवट काम दुसरीच्या गळ्यात पडू लागलं. कुरबुरी, गैरहजेरी, मनस्ताप वाढला. यंत्रं चांगली होती, पण माणसांची बांधणी मोडली होती. यंत्र आणि कामाची घडण एकत्रच आखावी लागते, ही समज या अभ्यासातून आली आणि पुढं संगणकाच्या संशोधनात रुजली.

वारणेच्या संशोधकांनी तेच केलं. संगणकावर चाललेलं काम मुळात अगदी थोडक्या अक्षरांचं आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. सभासदाचा क्रमांक विचारायचा, उत्तरात वजन किंवा रक्कम सांगायची. मग त्यासाठी गावोगाव जुने झालेले संगणक, त्यांची दुरुस्ती आणि टेलिफोनची रखडणारी जोडणी कशाला सांभाळायची? त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी मोबाईल दिला. गावातून एसएमएस जायचा, कारखान्यातल्या संगणकाला जोडलेला फोन तो घ्यायचा, नोंद शोधून उत्तर परत पाठवायचा. आठ महिने हे चाललं. संगणकावरची सगळी कामं फोनवर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ही पद्धत जास्त आवडली. अद्ययावत यंत्र काढून साधं यंत्र द्या, असं एका सॉफ्टवेअर कंपनीच्या संशोधकांनी सांगावं, याचं मला फार कौतुक वाटतं.

तरीही ही पद्धत सगळ्या गावांत पोचली नाही. संस्थेतल्या अंतर्गत राजकारणामुळे विस्तार अडला, असं तोयामा यांनी नंतर ‘गीक हेरसी’ या 2015 सालच्या पुस्तकात नोंदवलं. तंत्रज्ञान माणसांचा हेतू आणि कुवत यांना फक्त मोठं करतं, ती नसतील तर निर्माण करत नाही, हे त्या पुस्तकाचं प्रतिपादन. ते वाचलं की वारणेची दोन्ही पर्वं उलगडतात: कारखान्याची शिस्त होती तिथं संगणक चालला, आणि संस्थेत एकमत नव्हतं तिथं स्वस्त, सोपी, लोकांना आवडलेली गोष्टही अडून राहिली.

याच मंडळींच्या गटात शाळांवरही काम झालं. एका संगणकाभोवती आठ-दहा मुलं बसली की माऊस कुणाच्या हाती जातो? बहुधा दांडगाई करणाऱ्या मुलाच्या. मुली आणि धाकटी मुलं मागं उभी राहून बघतात. उपाय म्हणून एकाच संगणकाला अनेक माऊस जोडले गेले, पडद्यावर प्रत्येकाचा वेगळ्या रंगाचा बाण. शाळेला आणखी संगणक मिळाले नाहीत, तरी मागच्या रांगेतल्या मुलीच्या हाती बाण आला. हे सुचायला वर्गात बसून कोण बोलतं, कोण गप्प राहतं ते बघावं लागतं.

आता ऊसपट्ट्यात पुन्हा एक मोठा प्रयोग चालू आहे. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्टच्या साहाय्यानं उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायला घेतली आहे. जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची छायाचित्रं यांवरून शेतकऱ्याला पाणी कधी द्यावं, खत किती द्यावं, हे फोनवर कळतं. मला यातून खरोखर आशा वाटते. पाण्याची आणि खताची उधळपट्टी थांबली तर जमिनी वाचतील.

पण इथंही मोजणी शेतापाशी थांबू नये. आज पाणी द्या, असा संदेश सकाळी येतो. शेतीपंपाची वीज त्या आठवड्यात रात्रपाळीची असेल, तर तो सल्ला पाळणार कोण आणि किती वाजता? कालव्यावर असलेल्याची पाण्याची पाळी आणखी बारा दिवसांनी असेल तर? ऊस कधी तोडावा हे सेन्सरनं सांगितलं आणि क्रमपाळीनं महिनाभर नंतरची तारीख दिली, तर कारखाना कुणाचं ऐकणार? या प्रयोगाच्या अहवालात उत्पादनाच्या टनांशेजारी हे आकडेही यायला हवेत: किती सल्ले पाळता आले, किती आले नाहीत, आणि ते अडले ते वीज कंपनीपाशी, पाटबंधारे खात्यापाशी की कारखान्याच्या शेतकी ऑफिसात.