मधमाशीची सात मिलिमीटर वाट

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकात सुतारकामावर लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु दिव्यातील आमच्या घराच्या गॅलरीत गेले काही महिने सागाचा भुसा उडतो आहे, आणि त्यामागचे कारण सांगण्याजोगे आहे.

मधपेटी म्हणजे झाकणाचे खोके, असा पुष्कळांचा समज असतो. खोके कोणीही करील. अवघड असते ती आतली मोकळी जागा राखणे. 1851 साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्रीबुवांच्या ध्यानात आले की, पेटीची भिंत आणि पोळ्याची चौकट यांत साधारण तीन अष्टमांश इंच फट ठेवली, तर माश्या ती येण्याजाण्याची वाट म्हणून मोकळी सोडतात. फट फारच लहान झाली तर त्या ती चिकट राळेने बुजवतात. मोठी झाली तर तिथेही पोळे बांधतात. मग चौकट उचलताना पोळे फाटते, पिल्ले मरतात आणि मध सांडतो. आपली सातेरी माशी त्या युरोपीय माशीहून लहान, म्हणून तिची वाट सात-आठ मि.मी. शिवाय स्वभाव मानी! घर गैरसोयीचे झाले की पोळी टाकून सारी वसाहत उडून जाते. राळेने फटी लिंपण्याची सवय तिला नाही. त्यामुळे सांधा उघडा राहिला तर मेणकिडा आत शिरलाच म्हणून समजावे.

आता हिशेब पाहा. भारतीय मानकाच्या 'अ' प्रकारात चौकटीचे आतले माप 210 × 145 मि.मी. असते. दहा मि.मी. जाडीच्या पट्ट्या धरल्या, तर बाहेरून ती 230 × 165 होते. दोन्ही टोकांना सात-सात सोडले की पेटीची आतली लांबी 244. चौकटीचे कान पेटीच्या आखूड फळ्यांच्या खाचेत टेकतात. कान दहा मि.मी. जाड आणि वर सात मोकळे, म्हणजे खाच सतरा मि.मी. खाली हवी. हे सतरा चुकले की वरच्या मधाच्या कोठीशी सगळाच मेळ बिघडतो.

पटाशीने आणि रंध्याने मुरलेला सुतार ही खाच बिनचूक काढतो. माझ्यासारख्याने राउटर घ्यावा. यात मिनिटाला वीसेक हजार फेरे घेणारे पाते असते आणि बाजूची पट्टी एकदा आवळली की दहाव्या फळीलाही पहिलीचेच माप मिळते. जुन्या दरवाजाच्या सागाच्या फळ्या मी वखारीतून आणल्या. लाकूड मुरलेले, पण आधी चुंबक फिरवून खिळे शोधावे लागतात. फळी 22 मि.मी. जाड, तीत सतरा रुंद आणि अकरा खोल खाच. एका दमात कधीही खोल जाऊ नये. तीन-चार मि.मी.च्या फेऱ्या घ्याव्यात, नाहीतर लाकूड जळते. फळी समोर ठेवून जवळच्या कडेने मशीन डावीकडून उजवीकडे न्यावे. उलट नेले तर पातेच मशीनला ओढत नेते. शेवटाला एक रद्दी तुकडा आवळून ठेवला की कोपऱ्याचा टवका उडत नाही. चष्मा हवाच. (आवाजामुळे शेजाऱ्यांची दुपारची झोप टाळून वेळ निवडावी, हेही तंत्रातच मोडते.) आखूड फळ्या लांब फळ्यांच्या मध्ये बसवल्या की खाच टोकापर्यंत सरळ नेता येते आणि कोपऱ्यात भोक उरत नाही. रंग फक्त बाहेरून.

एवढा खटाटोप कशासाठी? आमच्या इमारतीच्या जुन्या मीटरपेटीत सातेरीने घर केले आहे. औषध फवारून मोकळे व्हावे, असे बहुतेक रहिवाशांचे मत. मी पावसाळ्यानंतरची मुदत मागून घेतली आहे. खाडीकाठी तिवर आहे, दारोदारी शेवगा आहे. उपाशी मरण्याचे त्यांना कारण नाही. महाबळेश्वरच्या मध संचालनालयात शिकून आलेले एक गृहस्थ संध्याकाळी येऊन पोळी कापतील, केळीच्या सोपटाने माझ्या चौकटींना बांधतील आणि राणीला आत घालतील. मुंग्यांसाठी पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या आहेत. आठ चौकटी तयार झाल्या. झाकण तेवढे राहिले आहे.