विमानाला कापड चढवताना

नाशिकजवळ, ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये मिग आणि सुखोई घडली. याच कंपनीच्या पूर्वसंस्थेने बंगळुरूत बनवलेले ‘पुष्पक’ १९५८ साली उडाले, तेव्हा त्याच्या पंखांवर कापड होते. सुटे भाग जोडून हलके विमान बांधणारे हौशी लोक आजही कापडच वापरतात. आता ते पॉलिएस्टरचे असते.

पॉलिएस्टर उष्णतेने आकसते. म्हणून आधी ते सांगाड्याला चिकटवायचे आणि मग इस्त्रीने ताणायचे. पहिला हात सुमारे १२० अंश सेल्सियसला, शेवटचा सुमारे १७५ अंशांना. त्यापुढे कापड सैल पडू लागते आणि ते पुन्हा ताणले जात नाही. इस्त्रीच्या चकतीवरचे आकडे बेभरवशाचे असतात, तेव्हा तापमापकाने खात्री करा. ताण समान बसावा म्हणून दोन्ही बाजू आलटून पालटून तापवा, नाहीतर नाजूक सांगाडा पिळवटतो.

उडताना पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि कापड वर ओढले जाते. त्यासाठी ते पंखाच्या आडव्या फासळ्यांना दोऱ्याने पक्के बांधतात. उन्हातील अतिनील किरणांनी पॉलिएस्टर कमकुवत होते, म्हणून रंगाखाली ॲल्युमिनियमयुक्त चंदेरी थर हवाच.

पावसाळी दमट हवेत कापडावर लेप देणे टाळा. लेपातला द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प साचते आणि लेप पांढरट पडतो. द्रावकाची वाफ पेट घेते, त्यामुळे खेळती हवा ठेवा आणि ठिणगी दूर ठेवा.

सुरुवात शेपटीच्या छोट्या सुकाणूपासून करा. आणि कापड चढवण्याआधी सांगाडा जाणकाराकडून तपासून घ्या. नंतर आतले दोष दिसत नाहीत.